काळूची गोळी आणि आईची भाकरी

परवा माहेरी, चिखल्याला गेले होते. भावाची बोट अजून समुद्रातच होती, आणि आई मात्र जेवून हात धूत होती... मला एकदम आमचा काळू आठवला.

नव्वद-एक्क्याण्णव साल असेल. तेव्हा बोट बाबांची होती, आणि ती किनाऱ्याला लागेपर्यंत आई तोंडात घास घालत नसे. आमचा कुत्रा काळू तिचाच चेला... तोही समुद्राकडे तोंड करून बसायचा आणि बोट आली की मगच खायचा.

एकदा किनाऱ्याला लागलेल्या बोटीवरून उडी मारताना त्याचा मागचा पाय दुखावला. डहाणूच्या जनावरांच्या डॉक्टरांनी सूज आणि दुखण्यावर गोळ्या दिल्या, खाणं झाल्यावर द्या म्हणाले. आई सकाळी उठून स्वतःच्या गुडघेदुखीची गोळी घ्यायची, तेव्हाच गुळात घालून त्याचीही द्यायची. रात्रीचं खाणं झालेलंच आहे की, असा तिचा हिशोब...

पाय सुधारला, पण काळूनं अन्न सोडलं. उलट्या सुरू झाल्या, शी डांबरासारखी काळी. आता याचं काही खरं नाही, असं शेजारी म्हणायला लागले, आणि मी रडून घर डोक्यावर घेतलं.

आईबाबांनी त्याला गोणपाटावर घालून रिक्षानं परत डहाणूला नेलं. मीही गेले. डॉक्टरांनी एकच विचारलं, "गोळी देता तेव्हा याच्या पोटात काय असतं?"

"काय नाय," आई म्हणाली. "बोट आल्याबिगर तो खात नाय. मी पण नाय खात."

डॉक्टर रागावले नाहीत. पोटात आतून जखम झालीय म्हणाले, गोळी बंद केली, पोटाचं औषध दिलं आणि मऊ भात भरवायला सांगितला. निघताना म्हणाले, "मावशी, तो तुमचं बघून उपाशी राहतो. आधी तुम्ही खा."

दुसऱ्या दिवशी बोट यायच्या आधी आई ओटीवर भाकरी घेऊन बसली. नजर समुद्राकडेच, पण एकेक घास ती खात राहिली... काळू बराच वेळ तिच्याकडे बघत राहिला, आणि मग त्यानं हळूच ताटलीतला भात चाटला. बाबा त्या दिवशीही सुखरूप आले.

काळू पुढे कितीतरी वर्षं जगला. आईच्या पोटातली जुनी जळजळही गेली, कारण तिची गोळीही आता भाकरीवर पडत होती.

वेळेवर जेव म्हणून आम्ही सगळे तिला सांगून थकलो होतो. ऐकलं तिनं काळूसाठी... परवा तिची खरकटी ताटली घासताना त्या डॉक्टरांना आणि काळूला मी मनातल्या मनात हात जोडले.