चौसष्ट अक्षरं

नौपाड्यातल्या ज्या क्लासमध्ये मी नेटवर्किंग शिकवतो, तिथली लॅब एक काका सांभाळतात. राउटरच्या सॉफ्टवेअरची फाइल कुठूनही आणा, कंपनीने दिलेला चौसष्ट अक्षरांचा कोड फाइलवरून संगणकाने काढलेल्या कोडशी जुळल्याशिवाय ते ती लॅबमध्ये टाकू देत नाहीत. जुळवतातही मोठ्याने वाचून, एकेका अक्षरावर बोट ठेवून.

परवा मी आणलेली फाइल ते तपासायला बसले आणि अख्खी बॅच ताटकळलेली. मी वैतागून म्हणालो, "काका, सगळे हीच फाइल वापरतात हो!"

"म्हणजे कोणीच तपासली नाही."

पहिलंच अक्षर जुळलं नाही. तरी त्यांनी चौसष्टच्या चौसष्ट वाचली, मग फाइल उडवली.

"ही मूळची नाही. तुम्ही अजून कुठे टाकली नाही ना?"

आदल्या दिवशीच मी ती सरावासाठी घरच्या लॅपटॉपवर टाकलेली. मी नजर वळवली.

"उद्या घेऊन या," ते हळूच म्हणाले.