आपांनी निवडलेला कीबोर्ड

आपांनी कॉम्प्युटरच्या पडद्याकडे कधी मन लावून पाहिलंच नाही. आम्ही बाकीचे सगळे त्या उजळ काचेवर डोळे खिळवून बसायचो आणि त्या मात्र समोर बसलेल्या माणसाच्या हातांकडे बघत असायच्या. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, पदर डोक्यावर, हातात सुपारी. बोट कुठे अडखळतं, माउस धरलेला हात कुठे हवेतच थांबतो, दुसरा हात मदतीला कधी धावतो, हे त्या टिपत असायच्या. नवीन माणसाला वाटायचं, या बाई भविष्य सांगतात की काय. मी एकदा विचारलं तर म्हणाल्या, "माणूस तोंडानं समजलं, समजलं म्हणते, शालू. हाताले समजलं का, ते पाह्य."

राळेगावच्या बसस्टँडमागे आपांचा टायपिंगचा क्लास होता. टिनाचं छप्पर, लांबट खोली, दोन्ही भिंतींना लागून टाइपरायटर. क्लास मुळात त्यांच्या यजमानांचा. ते गेल्यावर लोकांना वाटलं की आता ही बाई मशिनी विकून लेकाकडे राजूरला जाईल. लेक तिथे कोळशाच्या खाणीत नोकरीला होता, बोलावतही होता. आपांनी त्यांच्या चाळिसाव्याचा विधी उरकला आणि दुसऱ्या दिवशी स्वतः खडू हातात घेतला. मराठी टायपिंग त्यांच्याइतकं देखणं तालुक्यात कुणाचं नव्हतं. त्यांची बोटं चालायला लागली की आम्ही आपापली मशीन थांबवून नुसतं ऐकायचो. मी तिथेच शिकले, परीक्षा पास झाले आणि सकाळच्या मुलींना शिकवायला तिथेच राहिले. मी तोंडाने फटकळ, आपा सबुरीच्या. आमचं जमायचं कसं, याचं लोकांना नवल वाटायचं.

कापूस वेचणीच्या दिवसांत आपांचे नियम बदलायचे. मुली सकाळी शेतात जाऊन दुपारी क्लासला यायच्या तेव्हा त्यांच्या बोटांची सालं निघालेली असायची. वाळलेल्या बोंडाची टोकं नखाच्या कडेला अशी शिरतात की साधा भाताचा घास घेतानाही झोंबतं. अशा मुलीला आपा मशीनवर बसवायच्या नाहीत. तिने बाकावर बसायचं, मजकूर वाचायचा आणि बोटं नुसती हवेत हलवायची. मशीनच्या कळा दाबायला जोर लागतो, दुखरं बोट तो जोर चुकवायला तिरकं पडतं आणि एकदा तिरकं पडायची सवय लागली की ती जन्मभर जात नाही, असं त्यांचं म्हणणं होतं.

त्या वर्षांत कापसाने साऱ्या तालुक्याचं तोंड उतरवलं होतं. बाजार म्हणू नका, लग्नं म्हणू नका, सगळीकडे एक मुकेपणा आला होता. आमच्या घरी कापूस आणि तूर. बाबा पूर्वी जेवताना पिकाचं बोलायचे, ते बंद झाले होते. पण गंमत अशी की त्याच वर्षांत बाप लोक पोरींना घेऊन क्लासच्या दारात यायला लागले. शेतीवर भरवसा उरला नव्हता, पोरीच्या हाताला काही तरी यावं एवढीच इच्छा. मात्र आल्या आल्या विचारायचे, कॉम्प्युटर आहे का? नाही म्हटलं की पोरीला घेऊन परत फिरायचे. टाइपरायटरची परीक्षा अजून होती, पण कचेऱ्यांमधून ती मशीन हळूहळू कोपऱ्यात सरकू लागली होती. दिवाळी झाल्यावर एके दिवशी आपा मला घेऊन यवतमाळच्या एसटीत बसल्या.

दुकानदार भला माणूस होता. त्याने मेमरी, हार्डडिस्क वगैरे सुरू केलं. आपांनी ते सगळं सभ्यपणे ऐकून घेतलं आणि दुकानातले सगळे कीबोर्ड टेबलावर मांडायला सांगितले. मग डोळे मिटून एकेकावर हात फिरवला. एक खूप खटखट वाजायचा; मला तो आवडला, आपल्या मशीनसारखा वाटला. आपांनी बाजूला सारला. एक इतका चपटा की कळ दबली की नाही ते बोटाला कळेना. एकावर प्लास्टिकचं पारदर्शक कातडं घातलेलं होतं, त्याला हात लावून त्यांनी तोंड वाकडं केलं. शेवटी एक साधा, जरा उंच कळांचा, मऊ कीबोर्ड निवडला. कारण मला बाहेर आल्यावर सांगितलं. यावर फाटक्या बोटांची पोरगीसुद्धा बसू शकेल. माझ्या डोक्यात तेव्हा रंग कोणता घ्यावा हे चाललं होतं.

माउसच्या बाबतीत मात्र त्या साफ चुकल्या. त्या काळात पोटात रबरी गोळी असलेले माउस असायचे आणि लाल उजेडाचे नवे नुकतेच निघाले होते. आपांना गोळीवाला आवडला, हातात वजनदार लागतो म्हणून. आमच्या क्लासच्या पलीकडे कापसातली सरकी काढायचं जिनिंग. हंगामात रुईची कूस म्हणजे बारीक तंतूंची धूळ हवेत उडत असते, चहात पडते, भुवयांवर बसते. आठवडाभरात माउसच्या पोटात इतकी कूस भरली की बाण पडद्यावर एका जागी थरथरत बसायचा. मी गोळी काढून आतलं सगळं चिमटीने ओढून त्यांच्या तळहातावर ठेवलं. आपांनी ते बोटांत वळून पाहिलं, वात झाली. "दिवा लागन याच्यावर," म्हणाल्या आणि पुढच्या फेरीत माउस बदलून आणला. आपली चूक एवढ्या सहज बदलून आणणारी माणसं मी फार पाहिलेली नाहीत.

दुकानदाराने दोन कॉम्प्युटर महिनाभर वापरून बघायला दिले होते. एकात सगळीकडे असते तीच प्रणाली, खिडक्या उघडणारी. दुसऱ्यात फुकटातली, जिचं नावही आमच्याकडे कुणी ऐकलं नव्हतं. पहिल्यावर मराठीसाठी असा फाँट टाकला होता की कळांची मांडणी हुबेहूब आमच्या टाइपरायटरची. दुसऱ्यावर नवी मांडणी, जिच्यात एका हाताला सगळे स्वर आणि दुसऱ्या हाताला व्यंजनं. आपा पहिल्यावर बसल्या आणि पहिल्याच मिनिटात धडधड लिहायला लागल्या. मुलींनी टाळ्या वाजवल्या. मला वाटलं, झालं, निकाल लागला.

पण आपांनी दोन्ही शेजारी शेजारी मांडले आणि येईल त्याला बसवायचा सपाटा लावला. पोस्टमन आला, बसवला. मुलीला न्यायला आलेला बाप, त्यालाही बसवला. माहीत असलेल्या माणसाचा त्यांना उपयोग नव्हता, ज्याला काही येत नाही असाच हवा असायचा. स्वतः काही सांगायच्या नाहीत, मलाही सांगू द्यायच्या नाहीत, आणि गप्प बसणं ही माझ्यासाठी मोठीच शिक्षा होती. पहिल्या प्रणालीत काहीही उघडायला लागोपाठ दोनदा टिचकी मारावी लागे. मोठ्या माणसांना ती काही केल्या जमायची नाही. दोन टिचक्यांच्या मध्ये हात सरकायचा आणि चित्रच जागेवरून उचललं जायचं. फुकटातलीत एका टिचकीत काम व्हायचं. उलट फुकटातलीला सोबत आणलेला प्रिंटर ओळखताच यायचा नाही, आणि ती बिघडली तर यवतमाळपर्यंत कुणी दुरुस्त करणारा नव्हता. पहिली बिघडायची जास्त, पण ती नीट करणारे राळेगावातच दोघं-तिघं निघाले होते. दिवसाआड माझं मत बदलायचं.

क्लास झाडायला धुरपताबाई यायच्या. साक्षरता वर्गात अक्षरं शिकलेल्या, हंगामात वेचणीला जाणाऱ्या, माझ्या आईच्या वयाच्या. आपांनी त्यांना हात धुवायला लावून पहिल्या कॉम्प्युटरवर बसवलं आणि स्वतःचं नाव लिहायला सांगितलं. आमच्या मशीनच्या मांडणीत ध अख्खा मिळत नाही. आधी अर्धा ध, मग दुसऱ्या कळेवरची काठी, असा तो जोडावा लागतो. आम्हाला ते श्वासासारखं झालेलं. धुरपताबाईंचं बोट कळांवरून फिरफिर फिरलं आणि मांडीवर जाऊन बसलं. मग आपांनी त्यांना दुसऱ्याकडे सरकवलं आणि एवढंच सांगितलं की तो द आहे, शिफ्टची कळ दाबून धरली की त्याच जागी ध येतो.

"द आन् ध एकाच घरात राह्यते म्हणता? मंग तं बरं हाय," धुरपताबाई म्हणाल्या. बराच वेळ लागला, पण धुरपता असं लिहून झालं. आपण लिहिलंय यावर त्यांचा विश्वास बसेना. पदराने पडदा पुसायला निघाल्या. मी हसले. आपा हसल्या नाहीत. त्या धुरपताबाईंच्या बोटांकडे बघत होत्या आणि त्यांच्या तोंडावरचं काही तरी उतरलं होतं, ते मला त्या क्षणी कळलं नाही.

मग आणखी एक झालं. मी गावच्या बचत गटाचा अर्ज पहिल्या कॉम्प्युटरवर, जुन्या मांडणीत, मोठ्या हौसेने टाइप केला आणि पेनड्राइव्हवर घेऊन यवतमाळला गेले. तिथल्या कॉम्प्युटरवर तो फाँट नव्हता. उघडलं तर सगळी इंग्रजी अक्षरं, कंस आणि टिंबं. बायकांची सगळी मागणी कुणी तरी चघळून थुंकल्यासारखी दिसत होती. घरी येऊन मी तणतणले. आपांनी दुसऱ्या दिवशी तोच अर्ज नव्या मांडणीत लिहायला लावला आणि परत पाठवला. नवी मांडणी एका फाँटला बांधलेली नव्हती, तो जसाच्या तसा उघडला.

त्या संध्याकाळी मुली गेल्यावर आपा स्वतः नव्या मांडणीवर बसल्या. मी शेजारी उभी. त्यांनी "किती" लिहायला घेतलं. आमच्या टाइपरायटरवर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी मारतात, नव्या मांडणीत ती नंतर. आपांचं बोट वेलांटीकडे आधी धावलं. पडद्यावर नुसतं ठिपक्यांचं वर्तुळ आलं, वेलांटीखाली रिकामं. खोडलं. पुन्हा तेच. मन सांगत होतं थांब, पण बोट ऐकत नव्हतं. ज्या हातांकडे बघत मी हे काम शिकले, ते हात बालवाडीतल्या पोरासारखे चाचपडत होते. मला ते बघवेना. मी म्हटलं, आपा, जुनीच मांडणी घेऊ. सगळा तालुका तुमच्या नावाने इथे येतो. नवी घेतली तर तुम्ही शिकवणार काय?

त्यांनी हात मांडीवर घेतले. "मी नाही शिकवू शकणार, हे मले त्या दिवशीच समजलं. पण धुरपताचा हात तं चालला ना. मायासाठी पोरींचे हात कायले अडकवू?"

दुकानदाराला त्यांनी सांगितलं ते असं. प्रणाली सगळीकडची, कारण बिघडली तर गावात माणूस आहे आणि प्रिंटर चालतो. पण टिचकी एकच करून द्यायची. तशी सोय तिच्यातही होती, त्याने शोधून काढली. कीबोर्ड मऊ. आणि मांडणी नवी, तीही त्या प्रणालीत बसायची, सगळ्या मशीनवर, एकही अपवाद नाही. तो म्हणाला, बाई, जुने टायपिस्ट नाराज होतील. आपा म्हणाल्या, सगळ्यात जुनी मीच आहे. टाइपरायटर त्यांनी परीक्षेला बसणाऱ्या मोजक्या मुलींसाठी मागच्या भिंतीला ठेवले आणि कॉम्प्युटरचा वर्ग माझ्या हवाली केला. माझी बोटं तेवढी जुनी झालेली नव्हती, महिन्या-दोन महिन्यांत मला जमलं. दारावरच्या पाटीवर त्यांचं नाव राहू द्यावं म्हणून मी भांडले, तेवढं एक त्यांनी ऐकलं.

पुढे दोनेक वर्षांनी डोळ्यांचं ऑपरेशन झालं आणि लेक त्यांना राजूरला घेऊन गेला. तिथेच त्या गेल्या. मी पोचले तेव्हा माती देऊन झाली होती. लोक मला विचारतात की आपांनी तुला काय शिकवलं, आणि टायपिंग एवढंच उत्तर द्यावं लागतं, कारण बाकीचं सांगायला कॉम्प्युटरच्या वर्गाचा पहिला दिवस सांगावा लागतो आणि तो दोन शब्दांत सांगता येत नाही.

पहिल्या दिवशी नवीन मुली बसल्या होत्या, धुरपताबाई दाराशी उभ्या होत्या. पुढच्या बाकावर, इतरांसारखाच पदर खोचून, आपा बसल्या होत्या. मी पहिला शब्द सांगितला. सगळ्यांचे हात बघत बघत मी त्यांच्यापाशी आले. त्यांचं बोट पुन्हा वेलांटीकडे आधी गेलं. मी ते पाहिलं आणि पुढच्या मुलीकडे वळले. आपांनी माझ्या साडीचा काठ धरून मला मागे ओढलं आणि हळूच म्हणाल्या, "माया हात चुकला तं चुकला म्हण, शालू. तू नाही सांगशील तं मी कोणाकून शिकू?"

सगळा वर्ग ऐकत होता. मी म्हटलं, "आपा, हात चुकला." त्यांनी मान हलवली, हात उचलला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.