चार दिवे पुढे, मी मागे

यजमानांनी मोटरसायकलला चार जादा दिवे बसवायचं ठरवलं, तेव्हा मी एवढंच विचारलं की जायचंय कुठे. सावेडीतून निघायचं, मला फाट्याच्या आतल्या शाळेत सोडायचं, पुढे कामावर जायचं आणि दिवस मावळायच्या आत घरी, एवढाच त्या गाडीचा प्रवास. सगळ्यात लांबची मजल संगमनेर, माझ्या मावसबहिणीच्या लग्नाला, आणि तिथून आल्यावर यांची पाठ धरली म्हणून दोन दिवस रजा. पण मोबाईलवर कुणीतरी बर्फाच्या घाटात गाडी चालवताना दिसला आणि आमच्या नगरच्या उन्हात यांना धुकं दिसायला लागलं.

सबंध रविवार मी गॅरेजबाहेरच्या बाकड्यावर काढला. मिस्त्रीला दिव्यांसाठी जागा सापडली ती नेमकी पुढच्या इंडिकेटरची. मग ते इंडिकेटर काढून खाली क्रॅशगार्डला बांधले. तिथे थांबले असते तरी चाललं असतं. पण पुढचं बदललं की मागचं जुनाट दिसतं म्हणे, म्हणून मागचे चांगले ठसठशीत इंडिकेटर काढून बोटाएवढे दोन नंबरप्लेटखाली चिकटवले. नाकापेक्षा मोती जड असं ते रूप पाहत यजमान गाडीभोवती तीन चकरा मारून आले.

मी एका बाजूला पाय सोडून बसते. डावा दिवा साडीने आणि डब्याच्या पिशवीने झाकला जाणार आणि उजवा उन्हात दिसणार नाही, हे मी तिथल्या तिथे सांगितलं. मिस्त्री हसला. "ताई, हितं इंडिकेटर बघतंय कोन? मागं बसलेल्यानं हात करायचा." यजमानांनी मान डोलावली. म्हणजे एवढा खटाटोप करून गाडीचा इंडिकेटर मीच.

महिनाभर मी इमानेइतबारे हात केला. शाळेच्या फाट्याला हमरस्त्यावरून उजवीकडे वळावं लागतं आणि मागून उसाचे ट्रॅक्टर, एसट्या, पिकअप असं सगळं येत असतं. त्या दिवशी माझ्या मांडीवर तपासलेल्या वह्यांचा गठ्ठा होता आणि दोन्ही हात त्यात अडकलेले. यजमान वळायला लागले आणि अगदी पाठीशी हॉर्न वाजला. मी गठ्ठा सोडून हात बाहेर काढला. पिकअप करकचून ब्रेक लावत आमच्या मागे हातभरावर थांबली. वह्या रस्ताभर पसरल्या.

पिकअपवाला म्हातारा होता. शिव्या देईल असं वाटलं, पण तो उतरून आधी वह्या गोळा करू लागला. "तुमचा हात दिसला म्हनून थांबलो, ताई," तो म्हणाला. "गाडीला दिवे लई हायेत, पर समदे पुढंच."

मी घाबरले होते, आणि त्याहून जास्त चिडले होते. भर रस्त्यात मी यांना सांगितलं की मागून ठोकर बसली तर ती आधी मला बसेल, जुने इंडिकेटर परत जागेवर लावा, तोवर मी या गाडीवर बसणार नाही.

"बघ, म्हणलं नव्हतं?" यजमान म्हणाले. "शेवटी लोक हातच बघतात."

तेव्हापासून मी एसटीने शाळेत जायला लागले. सुरुवातीला रोज संध्याकाळी गाडीकडे नजर जायची, आज तरी बदललं असेल म्हणून. मग एका रविवारी खरंच इंडिकेटर दिसले. मोठे, पिवळेधमक, दोन्ही बाजूंना, लांबून कुणालाही दिसतील असे. मला भरून आलं, खोटं कशाला बोलू. जवळ गेले तेव्हा कळलं की माझ्या सीटवर सामानाची भलीमोठी पेटी बोल्टने आवळली आहे आणि इंडिकेटर तिला लावले आहेत.

"नवी पेटी आहे," यजमान फडक्याने ती पुसत म्हणाले. "मागून कुणी ठोकली म्हणजे?"