सैनिकांना नंदीचे डोळे

मुलगा पुण्याला नोकरीला लागला आणि आमचं बोलणं एका प्रश्नावर येऊन थांबलं. "जेवले काय, बाबा?" "जेवलो. तू?" "हो." मग फोन आईकडे. त्याच्या आईशी तो भरभरून बोलतो. माझ्याशी काय बोलावं हे त्याला सुचत नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही सुचत नाही. वरठीच्या कारखान्यात भट्टीच्या आवाजात उभं राहून राहून माणूस बोलायचं विसरूनच जातो.

दिवाळीला आला तेव्हा त्याने बॅगेतून एक डबा काढला. आत अंगठ्याएवढे प्लास्टिकचे सैनिक, घोडे, ढाली. पुण्यात सुट्टीच्या दिवशी तो मित्रांसोबत टेबलावर फौजा मांडून, फासे टाकून लढाया खेळतो. सैनिक कोरे, करड्या रंगाचे येतात; ज्याचे त्याने रंगवायचे. मी एक हातात घेऊन न्याहाळू लागलो तर त्याचा चेहरा खुलला. "तुमी रंगवता काय, बाबा? डबा ठेवून जातो तुमच्यापाशी." मी ताबडतोब हो म्हणालो. रंगकामात मला कोण शिकवणार? तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोरांच्या पोळ्याला, त्याचा लाकडी नंदी दर वर्षी मीच रंगवायचो, आणि आमच्या गल्लीत तसा नंदी दुसऱ्या कोणाचा नसायचा.

तिथेच घात झाला. मी हार्डवेअरच्या दुकानातून ऑइल पेंट आणला, डब्यातल्या निम्म्या सैनिकांना नंदीला द्यायचो तसा भरून हात दिला आणि वरून वार्निश मारलं. वाळल्यावर पाहतो तर ढालींवरची नक्षी, बोटं, पट्टे, सगळं रंगाखाली बुडालेलं. आणि डोळे! नंदीला काढतो तसेच, पांढरे गोल आणि मधोमध काळा ठिपका. अख्खी तुकडी बैलासारखी माझ्याकडे टक लावून उभी होती.

मी पाठवलेला फोटो पाहून तो फोनवर खो खो हसला. "बाबा, हे सैनिक हायेत, पोळ्यात नाही उभे करायचे!" मग सांगतच बसला. ऑइल पेंट नको, पाण्यात मिसळणारा ॲक्रिलिक घ्या. आधी अस्तर मारा. हात पातळ द्या, वाळू द्या, मग दुसरा. खाचांमध्ये काळपट पाणी सोडा, म्हणजे सावली दिसते. तो बोलत होता आणि मी हूं हूं करत होतो. दहावीनंतर तो माझ्याशी इतकं कधी बोलला नव्हता. फोन ठेवल्यावर मी उगाचच अंगणात फेऱ्या मारल्या.

बिघडलेला रंग काढावा म्हणून मी ते सैनिक थिनरच्या वाटीत टाकले. लोखंडावरचा रंग आम्ही असाच काढतो. हे प्लास्टिक आहे, हे डोक्यातच आलं नाही. बाहेर काढले तेव्हा ते भिजवलेल्या कणकेसारखे मऊ झाले होते आणि माझ्या बोटांचे ठसे त्यांच्या छातीवर उमटले. पन्नाशी ओलांडलेला माणूस मी, पण मला रडू फुटलं. बायको म्हणाली, "काहून जीव जाळून राहिले जी? त्याले सांगून द्या न, जमत नाही म्हणून." तिला काय कळणार! जमत नाही म्हटलं की डबा परत जाणार, आणि डब्यासोबत ते बोलणंही.

सकाळपाळीवरून आलो की मी खिडकीशी बसू लागलो. चाळिशीचा चष्मा, बारीक ब्रश, जाड बोटं. डोळा काढायला जावं तर गाल काळा व्हायचा. तरी उरलेल्या सैनिकांवर हळूहळू हात बसला, आणि नशीब असं फुटकं की हात बसला तसा फोन आखूड झाला. चूक नसेल तर तो सांगणार काय? मग मी मुद्दाम चुका ठेवू लागलो. एकाचा पट्टा कोरा ठेवला. त्याने लगेच पकडलं, बराच वेळ समजावलं. दुसऱ्याची ढाल उलटी चिकटवली. घोड्याला हिरवे खूर दिले, तेव्हा तर चांगला रागावला माझ्यावर. किती बरं वाटलं म्हणून सांगू! पण पुढे पुढे तो "चालते, बाबा" म्हणू लागला. तिकडे त्याचं खेळणं सुटलं असावं. मी विचारलं नाही. विचारायची हिंमतच झाली नाही.

परवा मी एका सैनिकाचं तोंडच रंगवलं नाही. चिलखत, टोप, भाल्याचं पातं, पट्ट्याची कडीसुद्धा जीव ओतून रंगवली, आणि तोंडाच्या जागी नुसतं करडं प्लास्टिक ठेवलं. आंधळ्यालाही दिसेल असा, उन्हात धरून, अगदी जवळून फोटो काढला आणि पाठवला. संध्याकाळी त्याचा फोन आला.

"पाहिला काय?"

"पाहिला न. छान झाला, बाबा."

"नीट पाहिला काय?"

"हो न. एकदम बढिया."

"अन् तोंड?"

"तोंड बी छान हाये. ठेवू काय आता?"

"ठेव," मी म्हणालो.