पॉडकास्टची जात

बायकोनं अन् मी मिळून शेवटचं काम केलं ते लाखोरीची डाळ निवडायचं. ती म्हणाली, "खडे ठेवता अन् डाळ फेकता." तिसऱ्या दिवशी ती वारली. मग घरात भांडायला कोणी उरलं नाही, अन् घास घशाखाली उतरेना.

महिन्याभरानं देवरीच्या बसमध्ये शेजारी एक जाडजूड बाई बसली. कानात वायर, तोंडावर पदर, अन् एकटीच हसून राहिली होती.

"काऊन हासता, बाई?"

"पॉडकास्ट आयकून राहिली, बाबाजी."

मी म्हटलं, "जातीत पोवार आयकलो, कोहळी आयकलो. हे पॉड कास्ट नवीनच दिसते!"

मांडीवर थापा मारून ती इतकी हसली की कंडक्टर वळून पाहू लागला. मग माझा मोबाईल हिसकून तिनं दोन कार्यक्रम टाकून दिले. "हा हासायचा, सैपाक करताना लावा. हा मुलाखतीचा, जेवताना. मधात बोललं तरी तो रागावत नाही."

नाव विचारायच्या आधीच ती उतरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताट वाढून मुलाखत लावली. बोलणाऱ्यानं पाहुण्याला विचारलं, "लग्न करून काय शिकलात?"

"त्याले कायले विचारून राहिला बे? मले विचार!" मी म्हटलं, अन् सांगत सुटलो. सांगता सांगता भात केव्हा संपला, समजलंच नाही.