मध्यंतराआधीची भैरवी

आठ महिने झाले, साताऱ्याच्या शाळेतून बिनपगारी रजा घेऊन मी मिरजेत अण्णांपाशी राहते आहे. अण्णा म्हणजे माझे वडील. तंबोरे करण्यात उभा जन्म गेला त्यांचा. तारेखाली सुताचा धागा सरकवत तासन्‌तास आवाज लावत बसायचे. आता तंबोरा आठवतो, मुलगी आठवत नाही. आंघोळ मी घालायची, भात मी भरवायचा, आणि वर दिवसातून दहादा ऐकायचं, "ताई, तुमी कुणाच्या?" कंटाळले हो, खोटं कशाला बोलू! त्यांचे डोळे मिटायच्या आत एकदा तरी त्यांनी मला ओळखावं, एवढीच हाव राहिली होती.

शेजारीण म्हणाली, सांगलीत एक सिनेमा लागलाय, त्यात पक्कं गाणं आहे, ने की त्यांना. दुपारच्या खेळाला रिक्षानं घेऊन गेले. पहिला तासभर अण्णा पेंगत होते. मीही.

मग पडद्यावर एक बाई वारलेल्या नवऱ्याचे सदरे घडी घालायला बसली. बोलणं नाही, रडणं नाही. नुसता तंबोरा, आणि मागे कुणीतरी भैरवी आळवतंय. ती एकेक सदरा हातानं सारखा करत होती, आणि मी पदराचा बोळाच तोंडात धरला. आठ महिन्यांत स्वतःसाठी रडले नव्हते, त्या बाईसाठी रडले.

आलाप थांबला आणि अण्णा ताडकन उठले. माझा खांदा हलवून म्हणाले, "ऊठ चिमणे, भैरवी झाली. चल, आई वाट बघत आसंल."

भैरवी झाली की मैफल संपली. तिच्यानंतर कुणी गात नाही, कुणी बसत नाही. लहानपणी मी मैफलीत त्यांच्या मांडीवर झोपून जायची, आणि पहाटे भैरवी झाली की ते मला असंच हलवून उठवायचे. पण मी मेली सिनेमात बुडालेली! वैतागून म्हणाले, "आवं अण्णा, बसा की गुमान, अजून अर्धा हाय!"

ते बसले, एवढंसं तोंड करून. 'चिमणे' माझ्या डोक्यात शिरेपर्यंत मध्यंतराचे दिवे लागले होते. मी घाईनं वळले, त्यांचा हात धरला.

"ताई," ते म्हणाले, "तुमी कुणाच्या?"

आता रोज संध्याकाळी मी मोबाईलवर भैरवी लावते आणि डोळे मिटून झोपल्याचं सोंग घेते. भैरवी संपली की अण्णा उठतात, चपला शोधतात, दाराशी जातात. खांद्याला हात काही लागत नाही. काल मात्र ते दारातून मागे आले. काळजीनं विचारलं, "ताई, तुमाला न्यायला कुणी येणार हाय का?"

"व्हय," मी म्हटलं, "माझे वडील येणार हायत."