बंद घराचं रीडिंग

टॅक्सी दारात उभी होती, बॅगा डिकीत गेल्या होत्या, आणि अप्पा म्हणाले, "नळ बघून येतो." हुबळीचं विमान, पुढं बेंगळुरू, पुढं मेलबर्न, एवढा पल्ला गाठायचा होता आणि माझ्या वडिलांना नळाची पडली होती. मी कुलूप हातात धरून चरफडत उभी. शेजारच्या शांताक्का कंपाउंडला टेकून पदरानं डोळे पुसत होत्या. आतून, न्हाणीघरातून, भांडं सरकवल्याचा आवाज आला. अप्पा बाहेर आले तेव्हा अगदी शांत होते. मला वाटलं, नळ घट्ट बंद करून आले. कुणालाही तसंच वाटलं असतं. मी कुलूप घातलं, एक किल्ली शांताक्कांच्या हातात दिली आणि आम्ही धारवाडची माळमड्डी सोडली.

तुम्ही जे धारवाडातच राहिलात त्यांना हे सांगायला नको, पण माझ्यासारखे जे लवकर बाहेर पडले ते विसरले असतील. आमच्याकडे पाणी रोज येत नसे. आठवड्यातून एकदा आलं तरी नशीब, आणि यायची वेळ त्याची त्यालाच ठाऊक. म्हणून कोरडा नळ बंद करायचा नाही, उघडाच ठेवायचा आणि खाली तांब्याचा हंडा लावायचा, म्हणजे पाणी आलेलं कळतं. पाण्याच्या आधी पाइपातली हवा येते. नळ सुस्कारे टाकतो, खोकतो, आणि मग हंड्यात धार वाजते. आम्हाला ती धार ऐकू यायची. आईला त्याच्या आधीचा सुस्कारा ऐकू यायचा, मग ती कुठंही असो, कितीही कामात असो. तेवढ्यात भिंतीपलीकडून शांताक्का ओरडायच्या, "नीर बंत्री!" पाणी आलं हो! आई शिळं पाणी झाडांना घालायची, भांडी घासून पुन्हा भरायची आणि प्रत्येक भांड्यावर आठवणीनं ताटली झाकायची. ती जाऊन आता बरीच वर्षं झाली. अप्पा एकटेच पाणी भरत राहिले, आणि गुडघ्यांनी अगदीच असहकार पुकारला तेव्हा मी त्यांना इकडं घेऊन आले.

मेलबर्नचा नळ काही बोलत नाही. फिरवला की पाणी, उलटा फिरवला की बंद. अप्पांना पहिले काही दिवस याचा फार त्रास झाला. घर मुकं आहे म्हणायचे. मग एकदा माझं पाण्याचं बिल त्यांच्या हाती लागलं आणि स्वारी खुलली. आयुष्यभर गणित शिकवलेला माणूस, चष्मा पुसून बसले की टेबलाशी. इथल्या बिलात वापरलेलं पाणी वेगळं आणि सांडपाणी वेगळं लावतात. सांडपाणी मोजायला मीटर कुठाय, असं त्यांनी विचारलं. मीटर नव्हतंच. मीटर फक्त आत येणाऱ्या पाण्याला. त्यातलं थोडं बागेत मुरलं असेल असं समजायचं, बाकीचं गटारात गेलं असं धरून चालायचं आणि त्यावर आकार लावायचा. धारवाडच्या बिलातही ड्रेनेजचा आकार पाण्याच्याच मागून येतो, हे त्यांनी मला सांगितलं तेव्हा मला लाज वाटली नाही, हसूच आलं. इतकी वर्षं बिलं भरली, पण वाचली कोणी?

"आत काय आलं ते कळतं," अप्पा म्हणाले, "बाहेर काय गेलं ते कुणाला माहीत नसतं." हे ते इतक्या समाधानानं म्हणाले की मी विषयच बदलला.

धारवाडचं बिल दर महिन्याला फाटकात अडकवून जातात. शांताक्का त्याचा फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवायच्या आणि मी ऑफिसच्या ब्रेकमध्ये ऑनलाइन भरून टाकायचे. रक्कम किरकोळ. घर बंद असलं तरी मिनिमम आकार असतोच, तोच येत असणार अशी माझी समजूत. अप्पांनी एकदा फोन मागून घेतला, फोटो बोटांनी मोठा केला आणि मला शेजारी बसवलं. "रक्कम बघू नको, सुमा. रीडिंग बघ." वापर कमी असला तर रक्कम तीच राहते, तिच्यावरून काही कळत नाही. मागचं रीडिंग आणि चालू रीडिंग यांची वजाबाकी करायची, तेवढं पाणी घरात आलं. मी वजाबाकी केली. कुलूप घातलेल्या घरात पाणी आलं होतं. मागची बिलं काढून बघितली, तर त्या प्रत्येक महिन्यात आलं होतं. फार नाही. एका माणसाला पुरेल एवढं.

आमच्या ह्यांचं म्हणणं, पाइप फुटला असेल. मी शांताक्कांना विचारलं, अंगणात ओल दिसते का? त्या म्हणाल्या, ठणठणीत कोरडं आहे. अप्पा मात्र त्या दिवशी पोटभर जेवले. मी हात धुताना त्यांनी सहज सांगितल्यासारखं सांगितलं, की निघताना नळ आपण उघडा ठेवला होता आणि खाली हंडा लावला होता. सवयीनं का? तर नाही. पाणी आलं की घरात कळावं म्हणून. घरात कोण आहे कळायला, हे मी विचारलं नाही. सांगायचं तर मला विचारायची भीती वाटली.

आणि नेमकं तेव्हाच घराला गिऱ्हाईक आलं होतं. भला माणूस, दोन मुलींचा बाप, त्याला ती गल्ली हवी होती. मलाही हा धागा एकदाचा तोडायचा होता. अप्पांना धारवाडला परत राहायला नेणं शक्य नव्हतं आणि बंद घर अर्ध्या पृथ्वीवरून सांभाळणं माझ्या जिवावर आलं होतं. पण घर अप्पांच्या नावावर. ते सही करेनात. भांडले नाहीत, रागावले नाहीत, फक्त म्हणाले, "वापरातलं घर विकत नाहीत." रीडिंग थांबलं की सही करतो, असा शब्द मात्र त्यांनी दिला. मग मी रजा टाकली आणि रीडिंग थांबवायला गेले.

धारवाडला पोचले ती दुपार होती. शांताक्कांकडे चहा घेतला, त्यांना विचारलं की आत कधी गेला होतात का? किल्ली देवापुढं ठेवली ती ठेवलीच, म्हणाल्या. दार ढकललं तर धूळ एवढी की माझी पावलं उमटत गेली. पुढं दुसऱ्या कुणाची पावलं नव्हती, ते मी बघितलं. न्हाणीघरात नळ उघडा होता. पाणी नव्हतं त्या दिवशी, नळ कोरडा. घ्या, मी मोठ्यानं म्हणाले, सापडलं भूत! पाणी येतं तेव्हा हंडा भरतो, वरचं मोरीतून गटारात जातं, बिल वाढतं. शिवाय नळ उघडा असला की नुसत्या हवेनंही मीटर फिरतं, हे मला नंतर बिलाच्या ऑफिसातही सांगितलं. सगळं नीट जुळत होतं.

फक्त हंड्यावर ताटली होती.

भरलेल्या हंड्यावर, नळाच्या बरोबर खाली, आमची कडेला चेपलेली ताटली नीट झाकलेली. मी ती उचलली. ताटलीवर धूळ नव्हती. पाणी काठोकाठ, स्वच्छ, त्यात एक कस्पट नाही. झाकलेल्या हंड्यात नळाचं पाणी पडतं कसं, याचा विचार मी उभ्या उभ्या करायला लागले आणि मग ठरवून थांबवला. हंडा ओतला, पालथा घातला, नळ दोन्ही हातांनी पिळून घट्ट बंद केला. कुलूप लावलं. ह्या वेळी शांताक्कांकडची किल्लीही मागून घेतली, आणि त्यांना वाईट वाटलं ते मला दिसलं. ताटलीचं मी अप्पांना सांगितलं नाही. कुणालाच सांगितलं नाही.

पुढच्या महिन्याचं बिल आलं तेव्हा अप्पा हॉलमध्ये उन्हात बसले होते. मागचं रीडिंग, चालू रीडिंग, दोन्ही एकच. मी जिंकल्यासारखी फोन त्यांच्यापुढं धरला. त्यांनी दोनदा वाचलं.

"नळ बंद केलास?"

"हो, अप्पा."

"मग पाणी आलेलं तिला कळणार कसं?"

ते रडले असते तर मी समजूत घातली असती. ते रडले नाहीत. दिलेला शब्द त्यांना मोडायचा नव्हता. म्हणाले, आण ते कागद, कुठं सही करायची दाखव. मी कागद आणले, पेन दिलं, आणि त्यांचा हात कागदावर टेकलेला बघून माझाच धीर सुटला. नको हे, असं मला अगदी आतून वाटलं. थांबा म्हटलं आणि शांताक्कांना फोन लावला. किल्ली कुरियरनं परत पाठवते, तेवढा नळ उघडून या, असं सांगायचं माझ्या मनात होतं. धारवाडात तेव्हा सकाळ होती.

मला बोलूच दिलं नाही त्यांनी. "बरं झालं फोन केलास ते. नळ उघडाच टाकून गेलीस काय ग? तुमच्यात वारा सुटलाय बघ." त्यांच्या स्वयंपाकघराची आणि आमच्या न्हाणीघराची भिंत एकच. मी म्हटलं, फोन भिंतीला लावा. स्पीकर चालू केला.

नळ सुस्कारे टाकत होता. मग खोकला, आणि धार हंड्यात वाजली. मी पालथा घातलेल्या हंड्यात. अप्पा मान वाकडी करून ऐकत होते. शांताक्का हौसेनं म्हणाल्या, "नीर बंत्री!" भरत आलेल्या हंड्याचा आवाज बारीक होत जातो, तसा तो होत गेला, अगदी काठाला आला. आणि मग नळ बंद झाला. पाणी गेल्यावर हळूहळू थांबतो तसा नाही. कुणीतरी बंद करतं तसा.

"भरला," अप्पा म्हणाले. पेनाला टोपण लावून त्यांनी ते मला परत दिलं.

गिऱ्हाइकाला मी नाही म्हणून कळवलं. शांताक्कांची किल्ली परत पाठवली, पण त्या आत जात नाहीत आणि मी जा म्हणत नाही. बिल दर महिन्याला येतं, पाण्याचं आणि ड्रेनेजचं. पूर्वी मला कुणी विचारलं की घर कुठं, तर मी पत्ता सांगायचे. आता मी फोटो मोठा करते, रक्कम बघत नाही, वजाबाकी करते. रीडिंग पुढं सरकलेलं असलं की अप्पांना हाक मारून सांगते, घरी सगळं बरं आहे.